पहिली ड्यूटी: नर्सिंग संपवून नोकरीला लागणाऱ्यांसाठी

कॉलेजात एका पेशंटचा केअर प्लॅन लिहायला आठवडा मिळायचा. नोकरीच्या पहिल्या सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणतात, "बेड एक ते आठ तुझे." आठ पेशंट. त्यातले दोन आज ऑपरेशनला जाणार, एकाचा डिस्चार्ज, एकाला रात्रीपासून ताप, आणि काउंटरपाशी एक नातेवाईक उभा: "सिस्टर, सलाईन संपलंय." त्या वेळी पोटात येणारा गोळा मी २०११ साली अनुभवला. आता मी स्वतः इन्चार्ज आहे. दरवर्षी नवी बॅच रुजू झाली की तोच गोळा मला त्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर दिसतो.

"आपल्याला काहीच येत नाही" असं जे वाटतं, त्यात बरंच तथ्य आहे, आणि त्याचं कारण तुमचा आळस नाही. पोस्टिंगला एकेका वॉर्डात दहा-पंधरा विद्यार्थी असतात. एक कॅथेटर घालायचा निघाला तर एकजण घालतो, बाकीचे मान उंच करून बघतात, लॉगबुकात सही मात्र सगळ्यांना लागते. शिवाय विद्यार्थी असताना मागे स्टाफ सिस्टर उभी असते. इंजेक्शन तुम्ही दिलंत तरी नाव तिचं असतं. नोकरीत ते नाव एका रात्रीत तुमचं होतं. मार्लीन क्रेमर या अमेरिकन नर्सने १९७४ मध्ये या धक्क्याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटलं. पुढे १९८०च्या दशकात पॅट्रिशिया बेनर यांनी नर्स घडण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेली की नर्स 'सक्षम' या पायरीवर येते. तुम्ही पहिल्या महिन्यात तिथे पोचलेल्या नसाल, तर त्यात बिघडलेलं काही नाही.

माझ्या मते कॉलेजात सगळ्यात कमी शिकवलं जातं ते म्हणजे आठ जणांत आधी कोणाकडे जायचं हे ठरवणं. हात पुढे सरावाने वळतो. क्रम लावायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मुद्दाम लावून घ्यावी लागते.

रुजू होण्याआधी

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय कामाला सुरुवात करू नका. "नंतर करू, आधी ये" असं म्हणणारी ठिकाणं असतात. तिथे काही चूक झाली तर कायद्याच्या नजरेत तुम्ही नर्सच नसता. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी लागेल, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. ती तारीख आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का? वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असं आहे. तिसरा डोस बऱ्याच जणांचा राहिलेला असतो. तो घ्या आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टायटर तपासून घ्या. ही रक्तातली संरक्षणाची पातळी दहाच्या (mIU/mL) वर असेल तर संरक्षण आहे.

मुलाखतीला फक्त उत्तरं देऊन येऊ नका, तुम्हीही विचारा. नवीन स्टाफला ओरिएंटेशन किती दिवसांचं? सुरुवातीला कोणा सीनियरबरोबर ड्यूटी लागते का, की तिसऱ्या दिवशी एकटीने नाइट? एका शिफ्टला एका नर्सकडे किती पेशंट? समोरचा माणूस या प्रश्नांनी चिडला, तर त्यावरूनही काय ते समजतं. दोन नोकऱ्या हातात असतील आणि एकीत दोन हजार जास्त मिळत असतील, पण दुसरीत महिनाभर सीनियरबरोबर काम करायला मिळत असेल, तर मी दुसरी घ्यायला सांगेन. पगाराचा अंदाज यावा म्हणून सांगते: सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. ती सगळीकडे पाळली जात नाही, पण आकडा माहीत असावा.

मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही कपाटात ठेवू नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची. बॉण्ड असेल तर तो घरी आणून एखाद्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, मगच सही.

पहिला आठवडा: वॉर्ड पाठ करा

पहिले काही दिवस तुमच्याकडून कोणी मोठी अपेक्षा ठेवत नाही. हा वेळ वाया घालवू नका. क्रॅश कार्ट, म्हणजे पेशंट कोसळला तर लागणारी औषधं आणि साधनं ठेवलेली ट्रॉली, उघडून बघा. सील मोडायचं असेल तर इन्चार्जना विचारून, आणि नंतर पुन्हा सील करून. ॲड्रेनालिन, ॲट्रोपिन कोणत्या कप्प्यात, अँबू बॅग कुठे, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन चालू होतं का, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे लटकवलीय. डोळे मिटून हात तिथे जाईपर्यंत हे करा. पेशंट कोसळतो तेव्हा पुस्तक आठवत नाही, हात मात्र आठवणीने जातो.

कोड झाला, म्हणजे पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबला, तर नवीन माणसाने काय करायचं, हेही आधी ठरलेलं असू द्या. मदतीला हाक मारायची आणि छाती दाबायला सुरुवात करायची: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. कोणी बदली आलं की घड्याळ आणि कागद घेऊन कोणतं औषध किती वाजता गेलं ते लिहायचं. हे लिहिणं कोणालाच नको असतं, पण नंतर तेच सगळे शोधतात.

वॉर्डात काम करणाऱ्या मावशी आणि मामा यांच्याशी पहिल्याच दिवशी नीट बोला. ऑपरेशनच्या पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, की टाक्यावर ताण येत नाही, हे मला प्राध्यापकांनी नाही, एका मावशींनी शिकवलं. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईंना "ए मावशी" अशी हाक मारणाऱ्या नव्या सिस्टरला अडचणीच्या वेळी मदत मिळायला उशीर होतो, आणि त्या उशिराची किंमत पेशंट मोजतो.

खिशातला कागद

एक ए-फोर कागद घ्या आणि घड्या घालून आठ चौकोन करा. एका चौकोनात एक पेशंट. बेड नंबर, पूर्ण नाव, वय, आजार किंवा ऑपरेशनचा कितवा दिवस, ॲलर्जी, कोणतं सलाईन किती वेगाने, नळ्या कोणत्या, औषधांच्या वेळा, आणि तळाशी काय बाकी आहे ते. हँडओव्हर घेताना हा कागद भरायचा. हँडओव्हर शक्यतो बेडपाशी घ्या. काउंटरवर "सगळे स्टेबल आहेत" असं ऐकून मान हलवू नका. ड्रेन किती आलं, लघवी किती झाली, शेवटचं पेनकिलर कधी दिलं, हे जाणाऱ्या सिस्टरला विचारा. तिला घरी जायची घाई असते, तरीही विचारा.

हँडओव्हर झाला की पाच मिनिटं फक्त फिरा. हातात काही न घेता आठही जणांना डोळ्यांनी बघा. श्वास कसा चाललाय, हाक मारल्यावर बघतो का, कॅन्युलाची (सलाईनसाठी शिरेत घातलेल्या नळीची) जागा सुजलीय का, युरिन बॅगेत काय आहे. ही पाच मिनिटं वाचवून कामाला लागलेल्या नवीन नर्सला अकरा वाजता कळतं की बेड सातची लघवी पहाटेपासून झालेलीच नाही.

मग क्रम. सुरुवातीचे तेच आठ बेड घ्या. मी आधी तापाच्या पेशंटकडे जाईन. रात्रीपासून ताप म्हणजे संसर्ग पसरत असू शकतो. श्वास, पल्स, बीपी, शुद्ध कशी आहे हे बघितल्याशिवाय तो "फक्त ताप" आहे असं मला म्हणता येणार नाही. जाता जाता संपलेल्या सलाईनचा क्लॅम्प बंद करीन, दहा सेकंदांचं काम आहे, आणि "पंधरा मिनिटांत नवीन लावते" असं त्या नातेवाइकाला सांगेन. त्यानंतर ऑपरेशनचे दोघे: संमतीची सही, उपाशी आहेत का, दागिने आणि कवळी काढली का. सुरीच्या आधी द्यायचं अँटिबायोटिक साधारण चीर देण्यापूर्वीच्या तासात जावं लागतं, म्हणून ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) फोनकडे कान. इन्सुलिनचे पेशंट असतील तर नाश्त्याची ट्रॉली कुठे पोचली ते बघून इन्सुलिन. इंजेक्शन साडेसातला आणि उपमा नऊला, असं झालं की साखर उतरते. डिस्चार्ज सगळ्यात शेवटी. डिस्चार्जचे नातेवाईक सगळ्यात जास्त आवाज करतात, कारण बिल भरून झालेलं असतं आणि गाडी खाली उभी असते. आवाजाच्या मागे धावायची सवय लागली की जो पेशंट गप्प पडून बिघडतोय तो मागे राहतो.

ड्यूटी संपली की कागद फाडून टाका. त्यावर लोकांची नावं आणि आजार आहेत. त्याचा फोटो कोणत्याही ग्रुपवर जाता कामा नये.

औषधं: इथे घाई नको

योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. हे सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते पहिल्याच शब्दावर. आपल्याकडे एका वॉर्डात दोन पाटील आणि तीन शिंदे सहज असतात. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी "पाटीलकाका ना?" असं विचारलं, त्यांनी "हो" म्हटलं आणि शेजारच्या बेडवरच्या पाटलांचं अँटिबायोटिक यांना गेलं. झोपेतल्या, ऐकू कमी येणाऱ्या, घाबरलेल्या माणसाला काहीही विचारलं तरी तो "हो" म्हणतो. म्हणून नाव आपण सांगायचं नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि मनगटावरच्या पट्टीवरचा आयपीडी (भरतीचा) नंबर केस पेपरशी जुळवायचा. प्रत्येक वेळी, ओळखीचा पेशंट असला तरी.

इन्सुलिनबद्दल थोडं सविस्तर, कारण भारतात ही अडचण आजही आहे. आपल्याकडे ४० युनिट प्रति एमएल आणि १०० युनिट प्रति एमएल अशा दोन्ही ताकदीचं इन्सुलिन मिळतं. ४०च्या सिरिंजचं टोपण लाल, १००च्या सिरिंजचं नारिंगी. १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटला २० नाही, ५० युनिट जातात. बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात धरून आकडा मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवा. ती कितीही कामात असली तरी थांबवा.

पोटॅशियम क्लोराइडची छोटी बाटली दिसायला साध्या पाण्याच्या बाटलीसारखीच असते. १० एमएलमध्ये साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट. ते पातळ न करता शिरेतून थेट कधीही द्यायचं नाही. तसं दिलं तर हृदय थांबतं. वॉर्डात ते इतर औषधांबरोबर मोकळं ठेवलेलं दिसलं तर इन्चार्जना सांगा. हे सांगायला तुम्ही नवीन आहात, ही अडचण होऊ देऊ नका.

थेंबांचं गणित: ५०० एमएल आठ तासांत द्यायचं असेल आणि सेट २० थेंबांचा (२० थेंब म्हणजे एक एमएल) असेल, तर ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. सेट किती थेंबांचा आहे ते त्याच्या पाकिटावर छापलेलं असतं. ६० थेंबांच्या मायक्रो सेटला तर गणितच लागत नाही, तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब. हे पहिल्या महिन्यात कागदावर करा. तोंडी हिशोबाचा सराव नंतर आपोआप होतो.

तोंडी ऑर्डर आली तर ती परत म्हणून दाखवा, लगेच लिहा आणि सही घ्या. डोपामिन आणि डोब्युटामिन फोनवर सारखीच ऐकू येतात.

रात्री तीनला फोन

नव्या नर्सना सगळ्यात जास्त भीती याची असते, आणि ती खोटी नाही. ओरडणारे डॉक्टर असतात. मी एकदा या भीतीपोटी चाळीस मिनिटं थांबले होते. पेशंटचा श्वास वाढत होता आणि मी मनाशी म्हणत होते, अजून एकदा मोजू. शेवटी पेशंट आयसीयूत गेला, वाचला. ती चाळीस मिनिटं मात्र माझ्या हिशोबातून कधी गेली नाहीत.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. टीपीआर शीटवर (ताप, पल्स, श्वास यांच्या नोंदीच्या कागदावर) सगळ्या वॉर्डाचा श्वास २० लिहिलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. तो कोणी मोजलेला नसतो. पेशंट बिघडायला लागला की बीपी पडण्याच्या बरंच आधी श्वास वाढतो. तो २५ किंवा त्याहून वर गेला असेल, लघवी वजनाच्या मानाने कमी असेल (६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० एमएल हवी), शांत माणूस अचानक बडबडायला किंवा नळ्या ओढायला लागला असेल, तर फोन करा.

फोन करण्याआधी फाइल हातात घ्या, ताजे व्हायटल्स (पल्स, बीपी, श्वास, ताप, सॅच्युरेशन) घ्या, आणि या क्रमाने बोला: काय झालंय, मागचं काय आहे, तुम्ही काय पाहिलं, तुम्हाला काय हवंय. जगभर याला एसबार म्हणतात. पद्धत मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आलेली आहे. आपल्या भाषेत ते असं होतं:

"सर, चौथ्या मजल्यावरच्या सर्जिकल वॉर्डातून बोलतेय. बेड सहाच्या पेशंटचा श्वास ३० झालाय, सॅच्युरेशन ८९, तासापूर्वी ९६ होतं. वय ५८, डायबेटिस आहे, काल दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय. पल्स १२४, बीपी १०० बाय ६०, दोन तासांत लघवी ३० एमएल. ऑक्सिजन लावलाय. मला पेशंट बरा वाटत नाही, तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर ईसीजी काढून ठेवू का?"

"सर, बेड सहाला दम लागतोय" एवढंच सांगितलं तर "ऑक्सिजन लावा, बघतो" असं उत्तर येतं आणि फोन बंद होतो. आकडे आणि "आत्ता या" हे शब्द असले की माणूस उठतो. न उठल्यास नाइट सुपरवायझरना सांगा, मग त्यांच्या वरच्यांना. किती वाजता कोणाला सांगितलं ते नोट्समध्ये लिहा, आरोप न करता, फक्त वेळ आणि शब्द.

जे कधी हाताने केलं नाही ते

"मी हे कधी केलेलं नाही, एकदा दाखवाल का?" हे वाक्य लाज न वाटता म्हणता यायला हवं. ट्रॅकिओस्टोमीचं सक्शन, रक्त चढवणं, सेंट्रल लाइनचं ड्रेसिंग, हे पहिल्यांदा एकटीने करू नका. वहीत यादी करा: काय पाहिलं, काय कोणाच्या देखरेखीखाली केलं, काय एकटीने केलं. दर आठवड्याला ती इन्चार्जना दाखवा आणि त्यांच्याकडून राहिलेली कामं मागून घ्या. कॅन्युला लागत नसेल तर दोन प्रयत्नांनंतर थांबा आणि दुसऱ्याला बोलवा. पेशंटचा हात तुमच्या सरावासाठी नाही.

रक्त चढवताना दोघींनी मिळून पिशवी आणि पेशंट तपासायचं आणि पहिली पंधरा मिनिटं तिथेच उभं राहायचं. बहुतेक गंभीर रिअ‍ॅक्शन तेव्हाच दिसू लागतात. कितीही कोणी हाक मारली तरी.

सुई लागली तर

रडत बसू नका आणि लपवू नका. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. वॉर्ड भरलेला आहे म्हणून ड्यूटी संपेपर्यंत थांबलेल्या मुली मी पाहिल्यात. थांबू नका, वॉर्ड दुसरं कोणीतरी सांभाळेल.

चूक झाली तर

त्या पाटलांच्या वेळी मला पाचव्या मिनिटाला कळलं. हात थरथरत होते. मी इन्चार्ज सिस्टरांकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. त्या आधी पेशंटकडे गेल्या, ॲलर्जी विचारली, व्हायटल्स घेतले, डॉक्टरांना कळवलं, आणि त्यानंतरच माझ्याकडे वळल्या. हाच क्रम तुम्हीही ठेवा: पेशंट, डॉक्टर, इन्चार्ज, मग इन्सिडेंट फॉर्म. नोट्समध्ये खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, नंतर भरलेल्या वेळा नाहीत. त्या पेशंटला काही झालं नाही. पण मी गप्प बसले असते आणि त्यांना रिअ‍ॅक्शन आली असती, तर ती कशाची हेच कोणाला कळलं नसतं.

काही ठिकाणी चूक सांगणाऱ्याचा पगार कापतात किंवा सगळ्यांसमोर अपमान करतात. तिथे लोक सांगायचं बंद करतात आणि त्याच चुका होत राहतात. मी इन्चार्ज झाल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे आमच्या वॉर्डात हे थांबवलं.

नाइट, घर, आणि थांबायचं की सोडायचं

नाइटला जाण्याआधी दुपारी दीड-दोन तास झोपा, डबा न्या, पहाटे चारच्या सुमारास औषधं भरताना दुसऱ्या कोणाला तरी तपासायला सांगा. त्या वेळी डोळे उघडे असतात, पण वाचलेलं डोक्यात शिरत नाही. घरी आल्यावर फोन बंद. दिवसा तुम्हाला उठवू नये, हे घरच्यांना समजावायला बहुतेकींना महिनाभर लागतो, आणि लग्न झालेल्या मुलींना त्याहून जास्त. तरी समजावा.

पहिले तीन महिने रोज सोडावंसं वाटेल. त्यात काही ठरवू नका. सहा महिन्यांनी वही उघडून बघा: एकटीने येणाऱ्या कामांची यादी वाढली आहे का, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारं कोणीतरी तिथे आहे का. दोन्ही असतील तर वर्ष पूर्ण करा आणि अनुभवाचं पत्र घ्या. पण ओरिएंटेशनशिवाय व्हेंटिलेटरचे तीन पेशंट एकटीच्या अंगावर टाकत असतील, न केलेल्या कामांच्या नोंदींवर सह्या मागत असतील, किंवा त्रास देणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार ऐकून घेणारी समितीच नसेल, तर नोटीस पिरियडचा लेखी अर्ज द्या, त्याची प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरीकडे मुलाखती द्यायला सुरुवात करा. तिथून सुटलेल्या मुली आमच्याकडे आल्या, की मी त्यांना पुन्हा पहिल्या आठवड्यापासून शिकवायला घेते: आधी क्रॅश कार्ट, मग खिशातला कागद.